फितीप्रमाणे छाटणी

दप्तरदारांनी आयुष्यात एकच गोष्ट लेखी न घेता मान्य केली, ती म्हणजे लग्न. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला होता. त्यामुळे त्यांच्या पत्नीने, माईंनी, जेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून जाहीर केलं की पुढच्या वर्षी याच तारखेला बागेतून टोपलीभर अंजीर निघालं नाही तर बाग विकायची आणि लेकीकडे राहायला जायचं, तेव्हा त्यांनी वाद न घालता कागद आणला. 'आज रोजी असे ठरले की' इथपासून सुरुवात करून त्यांनी ती अट सुवाच्य अक्षरात लिहिली, खाली स्वतः सही केली, माईंची घेतली, कागदाला दोन भोकं पाडली आणि तो 'अंजीर, संकीर्ण' या फायलीत लावून टाकला.

माईंचंही काही चुकत नव्हतं. अडतीस झाडांच्या बागेने सरत्या हंगामात अकरा अंजिरं दिली होती. त्यातली नऊ पाखरांनी खाल्ली, एक शेजारच्या मास्तरांनी 'पिकलंय का बघतो' म्हणून खाल्लं आणि उरलेलं एक नवरा-बायकोने बशीत ठेवून सुरीने अर्धं अर्धं केलं. शिवाय माईंचे गुडघे दुखायचे आणि डॉक्टर बसने तासाभरावर होता. लेकीच्या घराखालीच दवाखाना होता. लेकीने मागची खोली रिकामी करून ठेवली होती, म्हणजे खोलीत फक्त इस्त्रीचं टेबल उरलं होतं. ती फोनवर प्रेमाने म्हणाली होती, "बाबा, इथे तुम्हाला काही म्हणजे काही करावं लागणार नाही."

हे वाक्य ऐकल्यापासून दप्तरदारांची झोप उडाली होती. काही करावं लागणार नाही, ही त्यांना शिक्षा वाटत होती. एकतीस वर्षं त्यांनी एका मोठ्या सरकारी कचेरीचं दप्तर सांभाळलं होतं. कुठला कागद ठेवायचा आणि कुठला रद्दीत घालायचा, हे ठरवणं हे त्यांचं काम. ठेवायच्या गठ्ठ्याला पिवळी फीत बांधायची, दोन वेढे आणि वर सुटी गाठ. फीत बांधली की तो कागद कायम जतन, फीत नसली की रद्दी. एकतीस वर्षांत त्यांची एकही फीत चुकली नव्हती. निवृत्तीच्या दिवशी कचेरीने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि त्यांनी साहेबांच्या लेखी परवानगीने पिवळ्या फितीची तीन रिळं घरी आणली. घड्याळ दुसऱ्याच महिन्यात बंद पडलं, फिती मात्र शाबूत होत्या. पुढचा सगळा अनर्थ या फितींनीच केला.

झाडांना फळ का धरत नाही, यावर सगळ्यांचं एकमत होतं: छाटणी झालेली नाही. छाटणी कशी करायची यावर मात्र जितकी तोंडं तितकी मतं. कुंपणापलीकडचे मास्तर निवृत्त भूगोल शिक्षक होते आणि त्यांची लिंबाची बाग होती. हातातल्या काठीने जमिनीवर आकृती काढल्याशिवाय त्यांना बोलता येत नसे.

"झाडाला पेल्यासारखा आकार द्या," ते म्हणाले. "मधे पोकळ. म्हणजे सूर्य आत जातो. आता सूर्य म्हणजे काय, तर..." आणि त्यांनी सूर्य म्हणजे काय ते पाऊण तास सांगितलं. त्यांची स्वतःची लिंबं पेल्यासारखी नव्हती, फार तर उलट्या ठेवलेल्या पातेल्यासारखी होती. पण शिक्षकाने शिकवावं, स्वतः गणित सोडवत बसू नये.

दुसऱ्या बाजूला कोंबडीवाल्या काकू राहत. त्यांचा छाटणीलाच विरोध होता.

"कात्री लावूच नका हो," त्या म्हणाल्या. "माझ्या माहेरी अंजिराचं झाड होतं. चाळीस वर्षं कुणी हात लावला नाही."

"फळं किती यायची?" दप्तरदारांनी वही उघडत विचारलं.

"फळं कसली? पण झाड काय होतं."

दप्तरदारांनी तेही लिहून घेतलं. ग्रंथालयातून त्यांनी फळझाडांवरचं जाडजूड पुस्तक आणलं, तर त्यात अंजिराची चार पानं कुणीतरी आधीच नेली होती. न्हाव्याने केस कापता कापता सांगितलं की काप नेहमी तिरका द्यावा, म्हणजे त्यावर पाणी साचत नाही. सगळ्या सल्ल्यांमध्ये हा एकच बरोबर होता, हे पुढे कळलं. पण न्हाव्याचं कोण ऐकतं? दप्तरदारांनी तर तो लिहूनसुद्धा घेतला नाही.

शेवटी त्यांनी ठरवलं की झाड हेही एक प्रकारचं दप्तरच आहे. वर्षानुवर्षं साठत गेलेलं, कुणी न तपासलेलं. कुठली फांदी ठेवायची आणि कुठली रद्द करायची एवढाच तर प्रश्न, आणि या प्रश्नात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. थंडी संपत आली होती, झाडांची पानं झडून गेली होती, प्रत्येक फांदी उघडी दिसत होती. त्यांनी झाडांना एक ते अडतीस क्रमांकांच्या पाट्या लावल्या, शिडी घेतली, वही घेतली आणि तपासणी सुरू केली. अंजिराचा चीक अंगाला लागला की खाज सुटते, हे पहिल्याच दिवशी समजल्यावर त्यांनी लांब बाह्यांचा म्हणून निरोपसमारंभाचा कोट चढवला. आठ दिवस कोट घातलेला एक गृहस्थ शिडीवर बसून फांद्यांशी बोलतोय, हे दृश्य रस्त्याने जाणाऱ्या येणाऱ्यांनी पाहिलं. एका बसचालकाने तर बस हळू केली.

आठव्या दिवशी काम पुरं झालं. झाडामागे पाच-सहा उत्तम फांद्या निवडून, प्रत्येकीला दोन वेढे आणि सुटी गाठ. एकूण दोनशे बारा. खुरट्या, आत वळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या अशा बाकीच्या सगळ्या फांद्यांना फीत नव्हती. दप्तरदारांनी माईंना बागेत बोलावून दाखवलं.

"छान दिसतंय," माई म्हणाल्या. "पण कापणाऱ्याला नीट समजावून सांगा."

"यात समजावण्यासारखं काय आहे? फीत बोलते."

छाटणीवाला मिळणं म्हणजे उंबराचं फूल दिसण्यासारखं. सगळे त्याला कातरभाऊ म्हणत. कमी बोलायचा आणि सुरेख कापायचा. गोणपाटात गुंडाळलेली करवत सायकलला बांधून तो ज्या सकाळी आला, नेमकी त्याच सकाळी माईंच्या गुडघ्यांची डॉक्टरांकडची वेळ होती. बस पकडायची घाई होती. कातरभाऊने बागेकडे एक नजर टाकली.

"फितीप्रमाणे ना, साहेब?"

"अगदी फितीप्रमाणे," दप्तरदार म्हणाले. "एकही फीत नजरेतून सुटता कामा नये."

"सुटणार नाही," कातरभाऊ म्हणाला, आणि तो शब्दाला जागणारा माणूस होता.

डॉक्टरांनी चार तास बसवून चार मिनिटं तपासलं. दुपारच्या बसने दोघं परतली, तेव्हा कातरभाऊ फाटकाशी हात पुसत उभा होता. त्याच्या मागे फांद्यांचा व्यवस्थित रचलेला ढीग होता. प्रत्येक फांदीला पिवळी फीत होती, दोन वेढे आणि सुटी गाठ. त्याच्याही मागे अडतीस झाडं आपल्या खुरट्या, वाकड्या, एकमेकींवर घासणाऱ्या काड्या घेऊन उभी होती.

"दोनशे बारा," कातरभाऊ म्हणाला. "मोजून घ्या."

दप्तरदारांनी ढिगातली एक फांदी उचलली. झाड क्रमांक चार, उत्तरेकडची. हिच्यासाठी ते अर्धा तास शिडीवर बसले होते.

"अहो, फीत होती त्या ठेवायच्या होत्या," शेवटी ते म्हणाले.

कातरभाऊने फांदीकडे पाहिलं, झाडांकडे पाहिलं आणि मग बराच वेळ दप्तरदारांकडे पाहिलं.

"साहेब, जी ठेवायची तिला खूण कशाला करायची?" त्याने विचारलं. "ती तिथंच असते की. खूण कापायच्या फांदीला करतात."

हा प्रश्न दप्तरदारांना एकतीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. ते फाटकाच्या दगडावर बसले. कातरभाऊलाही वाईट वाटलं. तो पाणी प्याला, बागेत एक चक्कर मारून आला आणि शेजारी उकिडवा बसला.

"आता या राहिलेल्या काड्यांत काही अर्थ नाही," तो म्हणाला. "माझं ऐकाल तर गुडघ्याएवढं ठेवून सगळंच खाली घेऊ. अंजीर आहे, साहेब. मुळं शाबूत आहेत. जोमानं फुटेल. आणि अंजिराला फळ धरतं ते नव्या फांदीला."

दप्तरदारांनी माईंकडे पाहिलं. अट माईंची होती. त्या आत्ता नुसत्या गप्प राहिल्या असत्या तरी त्यांचं काम झालं असतं.

"कातरभाऊ झाडं जाणतात, तुम्ही कागद जाणता," माई म्हणाल्या. "आज त्यांचं ऐका."

दुसऱ्या दिवशी मावळतीपर्यंत बागेत अडतीस बुंधे उरले, आणि शेजारी जमले. कोंबडीवाल्या काकूंनी डोळे पुसले. "मी म्हटलं होतं," एवढंच त्या म्हणाल्या. मास्तरांनी काठी जमिनीवर टेकवली, पण आकृती काढण्यासारखं त्यांना काही सुचेना. "मी पेला सांगितला होता," ते म्हणाले. "ही तर बशीसुद्धा नाही."

इथे शहाण्या माणसाने गप्प बसायचं. पण दप्तरदारांचा स्वाभिमान दुखावला होता आणि दुखावलेल्या स्वाभिमानावर त्यांना अर्ज हे एकच औषध माहीत होतं. उद्या कुणी म्हणेल की यांनी विनापरवाना अडतीस झाडं तोडली, म्हणून आधीच खुलासा केलेला बरा, असा विचार करून त्यांनी वृक्ष विभागाला तीन पानी पत्र पाठवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सरकारी कचेरी पत्राला तीन महिने हात लावत नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. पण चौथ्याच दिवशी अधिकारी दारात हजर. खांद्याला पिशवी लावलेली एक तरुण बाई होती. तिची ही पहिलीच नेमणूक होती, म्हणूनच इतक्या लवकर आली होती.

"तुम्ही कळवलं नसतं तर आम्हाला कळलंही नसतं," ती म्हणाली. "पण आता कळवलंय म्हटल्यावर नमुना अठरा भरावा लागेल."

नमुना अठरा सात पानांचा होता. नववं कलम तिने मोठ्याने वाचलं: तोडलेला सर्व भाग मूळ स्थितीत नव्वद दिवस जपून ठेवावा, त्यानंतर मोजणी होईल. मोजणीत एक नग जरी कमी भरला, तर जागेची 'बाग' ही नोंद रद्द करण्यात येईल.

"मूळ स्थितीत?" दप्तरदार उसळले. "कापलेली फांदी मूळ स्थितीत? कुठल्या दीडशहाण्याने लिहिलंय हे?"

तिने शेवटचं पान उलटलं. तळाशी बारीक अक्षरात 'संकलन' असं छापलेलं होतं आणि त्याखाली दप्तरदारांची सही होती.

मग त्यांना आठवलं. अठरा वर्षांपूर्वी सगळ्या खात्यांचे नमुने एका साच्यात बसवण्याचं काम त्यांच्याकडे आलं होतं. पाण्याने भिजलेल्या कागदांसाठी त्यांनी एक कलम लिहिलं होतं, ते त्यांचं त्यांनाच इतकं आवडलं की सुसूत्रतेसाठी त्यांनी ते सगळ्याच नमुन्यांत घातलं. मेलेल्या गुरांच्या नमुन्यातही ते होतं. त्यावरून पुढे काय घडलं ते इथे सांगण्यासारखं नाही.

"भाषा मात्र सुबक आहे," ते हळूच म्हणाले आणि त्यांनी सही केली.

आता दुसऱ्या कुणीही त्या फांद्या कोपऱ्यात फेकून नव्वद दिवस पाठ फिरवली असती. पण कलम दप्तरदारांचं होतं, आणि 'मूळ स्थिती' या शब्दांचा अर्थ त्यांच्याइतका कुणाला माहीत असणार? वाळलेली फांदी ही मूळ स्थितीतली फांदी नव्हे. मूळ स्थितीत फांदी ओली असते. म्हणून त्यांनी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये वाळूचा जाड थर पसरला, फांद्या वीत-दीड वीत लांब ठेवून बाकी शेंडे उतरवले (शेंड्यांचा आणि दुसऱ्या दिवशी कापलेल्या काड्यांचा वेगळा गठ्ठा, वेगळी यादी) आणि दोनशे बाराच्या दोनशे बारा, बुडखा खाली, क्रमांकानुसार ओल्या वाळूत उभ्या केल्या. सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी आणि उन्हाच्या वेळी वरून ओलं गोणपाट.

लोकांना विषय मिळाला. "मेलेल्याला पाणी पाजणं चाललंय," मास्तर जाणाऱ्या येणाऱ्याला सांगत. बाजारात किराणावाल्याने सगळ्यांसमोर विचारलं, "काय दप्तरदार, काड्यांची तब्येत बरी आहे ना?" त्या दिवसापासून दप्तरदार लांबच्या दुकानात जाऊ लागले. काकूंच्या कोंबड्यांना ती मऊ ओली वाळू भलतीच पसंत पडली. क्रमांक एकवीस आणि चव्वेचाळीस त्यांनी दोनदा उकरून काढले, आणि एका पांढऱ्या कोंबडीमागे फांदी घेऊन धावताना दप्तरदारांचा चष्मा विहिरीत गेला. आठ दिवस त्यांनी हजेरी चष्म्याशिवाय घेतली. हजेरी ते रोज घेत.

लेकीचा फोन आला की ती आवाज खाली आणून विचारी, "आई, बाबा ठीक आहेत ना?"

"ठीक आहेत," माई सांगत. "सकाळी उठून दोनशे बारा जणांची हजेरी घेतात, मग चहा पितात."

"आई, तुम्ही आत्ताच या ना इकडे."

"तारीख ठरलीय," माई म्हणत. तारखेच्या बाबतीत त्यांना नवऱ्याचा गुण लागला होता.

बुंधे मात्र हूं का चूं करत नव्हते. महिना गेला, दीड महिना गेला. एका संध्याकाळी दप्तरदार झारी तशीच हातात धरून बागेत उभे होते. माई गुडघा चोळत पायरीवर बसल्या होत्या.

"तिथे त्या खोलीत मी दिवसभर काय करू गं?" त्यांनी विचारलं. या वेळी ते वाद घालत नव्हते. त्यांना खरोखरच भीती वाटत होती, आणि ती त्यांनी पहिल्यांदाच बोलून दाखवली होती.

माई उठल्या आणि नवऱ्याच्या हातातली झारी घेऊन शेडकडे गेल्या, कारण संध्याकाळचं पाणी राहिलं होतं.

बातमी लागली ती माईंनाच. त्या आठवड्यातच पांढरी कोंबडी पुन्हा शेडमध्ये शिरली. तिला हाकलायला माईंनी हाताशी आली ती काडी उपटायला धरली, तर काडी वर येईना. जोर लावला तेव्हा ती वाळूसकट वर आली. खाली पांढऱ्या दोऱ्यांसारखी मुळं लोंबत होती आणि वर, गोणपाटाखाली इतके दिवस कुणाला न दिसलेली, नखाएवढी दोन हिरवी पानं होती.

"अहो," माईंनी हाक मारली, "तुमच्या क्रमांक एकशे दोनला मुळं फुटलीत."

दप्तरदार धावत आले आणि आधी घाबरले. "म्हणजे मूळ स्थिती बदलली की," ते म्हणाले. त्यांना हसू यायला आणखी अर्धं मिनिट लागलं. मग मात्र ते इतके हसले की काकू कुंपणापाशी येऊन चौकशी करून गेल्या. त्याच आठवड्यात बुंध्यांवरही कोंब दिसू लागले. आधी एका झाडावर, मग चार झाडांवर, आणि मग अडतीसच्या अडतीस झाडांवर, कातरभाऊने सांगितलं होतं तसेच, जोमाने.

नव्वदाव्या दिवशी अधिकारीण बाई मोजायला आली. शेडच्या दारात ती थबकली. आत गुडघाभर हिरवं रान माजलं होतं आणि प्रत्येक रोपाला पिवळी फीत होती.

"फांद्या कुठे आहेत?" तिने विचारलं.

"याच," दप्तरदार म्हणाले. "एकोणीस वाळल्या, बहुतेक कोंबड्यांच्या कृपेने. त्या बाजूला ठेवल्यात. बाकीच्या एकशे त्र्याण्णव."

"पण यांना मुळं आहेत. मुळं असतील तर फांदी म्हणता येत नाही. झाड म्हणावं लागतं." ती खाली बसून नमुना अठरा चाळू लागली. "तोडलेली झाडं अडतीस. आढळलेली झाडं..." तिने बागेकडे पाहिलं. "ती अडतीस तर जिवंत आहेत. म्हणजे दोनशे एकतीस. झाडं वाढली तर काय लिहायचं, याला रकानाच नाही."

"माझी चूक," दप्तरदार गंभीरपणे म्हणाले. "असं होऊ शकतं हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं. शेरा या रकान्यात लिहा."

"काय लिहू?"

दप्तरदारांनी क्षणभर विचार केला. "लिहा: मूळ स्थितीहून बरी."

तिने लिहिलं, शिक्का मारला, आणि जाताना आईच्या अंगणात लावायला दोन रोपं नेली. मग रांगच लागली. मास्तरांनी दहा मागितली, कारण सगळं त्यांच्याच सल्ल्याने झालं होतं. काकूंनी एक घेतलं आणि बजावलं की त्याला कात्री लागणार नाही. बसचालकाने या वेळी बस थांबवलीच आणि खाली उतरून आला. लांबून लांबून लोक येऊन विचारू लागले की रोप कसं करायचं, आणि दप्तरदार वाळू, बुडखा, झारी, गोणपाट असं क्रमवार सांगू लागले. सांगताना त्यांना कोट घालावासा वाटे, पण तो चिकाने खराब झाला होता.

इतकं सगळं खरं, पण अट रोपांची नव्हती, फळांची होती. नव्या फांद्यांना अंजिरं धरली, भरपूर धरली, पण झाडं उशिरा फुटलेली, त्यामुळे फळंही उशिराचीच. ठरलेली तारीख उजाडली तेव्हा चार-पाचशे हिरवीगार, दगडासारखी अंजिरं फांद्यांना चिकटून होती. अजून तीन आठवडे मिळाले असते तर काही प्रश्नच नव्हता. सकाळी लेक गाडी घेऊन आली. गाडीत रिकामी खोकी होती.

दप्तरदारांनी मोठी टोपली घेतली आणि अडतीस झाडं पालथी घातली. पिकलेलं अंजीर देठाशी मान टाकतं आणि बोटाला मऊ लागतं. अशी त्यांना सात सापडली. टोपलीच्या तळाशी ती इकडून तिकडे घरंगळत होती. त्यांनी टोपली पायरीवर ठेवली, आत गेले आणि कुणी मागितली नसताना फाईल घेऊन आले. एकतीस वर्षं कागदाशी इमान राखलेला माणूस आज कागद दडवणार नव्हता.

"वाचतो," ते म्हणाले. "आज रोजी असे ठरले की, पुढील वर्षी याच तारखेस बागेतून टोपलीभर अंजीर न निघाल्यास बाग विकण्यात येईल."

"पुन्हा वाचा," माई म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा वाचलं.

"किती मोठी टोपली?"

दप्तरदारांनी कागद डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, मग उलटून पाठीमागे पाहिलं. टोपलीचं माप कुठेच लिहिलेलं नव्हतं. उंची नाही, घेर नाही, काही नाही. त्यांचा चेहरा पार उतरला. बाग जाणार याचं दुःख बाजूलाच राहिलं. इतका ढिसाळ मसुदा आपल्या हातून झाला कसा, याचीच त्यांना लाज वाटू लागली.

माई आत गेल्या. आतून काहीतरी ओतल्याचा खळखळाट ऐकू आला. त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात सुई-दोऱ्याची टोपली होती, ओंजळीएवढी, तळाशी एक बटण राहिलेली. त्या पायरीवर बसल्या आणि एक एक अंजीर तीत रचू लागल्या. सहा अंजिरांनी टोपली काठोकाठ भरली. सातवं बसेना.

"एक जास्तच झालं," असं म्हणत त्यांनी ते लेकीच्या हातात दिलं.

लेकीने खाल्लं. बोटंही चाटली, आणि त्या अंजिरासाठी ते योग्यच होतं. मग म्हणाली, "आई, पण तुझे गुडघे?"

"गुडघे तुझ्याकडे आले तरी हेच असणार," माई म्हणाल्या. "इथे निदान त्यांना शेडपर्यंत जायला काम आहे. आणि ह्यांना तिथे नेलं असतं, तर आठ दिवसांत तुझ्या इस्त्रीच्या टेबलाला क्रमांक पडला असता."

दप्तरदारांचे डोळे भरून आले. ते लपवण्यासाठी त्यांनी फाईल तोंडासमोर धरली, पण ती उलटी धरली होती.

दुपारी रोपांनी भरलेली खोकी घेऊन लेक परत गेली. माईंनी शेवटच्या रिळावर उरलेली हातभर फीत घेतली, फाटकापर्यंत चालत गेल्या आणि फाटकाच्या खांबाला ती बांधली. दोन वेढे आणि वर सुटी गाठ.

"तुमच्या दप्तरात याचा अर्थ काय?" त्यांनी विचारलं.

"कायम जतन," दप्तरदार म्हणाले.

"मग झालं तर."

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या फांद्यांना टेकू द्यायला कातरभाऊ आला. दप्तरदार शेडमध्ये झारी घेऊन उभे होते. त्यांनी पाहिलं, की कातरभाऊ फाटकाशी सायकलवरून उतरला, खांबावरच्या फितीकडे पाहत थोडा वेळ उभा राहिला आणि मग सावकाश गोणपाटातून करवत बाहेर काढू लागला.

"साहेब," त्याने गंभीर चेहऱ्याने हाक मारली, "हा खांब बुडातून घ्यायचा, की गुडघ्याएवढा ठेवायचा?"

माई खिडकीतून काहीतरी सांगत होत्या, पण दप्तरदारांनी झारी टाकली होती आणि ते फाटकाकडे धावत सुटले होते.